पत्र्याच्या दोन डाव्या बाह्या

मित्रांनो, ते १९६८ साल होते. तेव्हाही मी जुनेच होते. आता तर विचारूच नका. मी एक कर्कटक आहे. तुमच्या कंपासपेटीत असते ना, दोन टोकांचे, ज्याने तुम्ही बाकावर नाव कोरता आणि वर "ते आधीपासूनच होतं" असे सांगता, तेच. फरक एवढाच, की मी चांगले वीतभर लांब आहे, अस्सल पोलादाचे आहे, आणि आयुष्यभर बाकावर नाही, पत्र्यावर चालले आहे.

माझा जन्म दोन झिजलेल्या कानशींपासून झाला. कानस म्हणजे लोखंड घासायचे दातेरी हत्यार. पत्र्याचे काम करणारा एक मिस्त्री होता. तेव्हा त्याला नुकते मिसरूड फुटले होते आणि बाजारातले एकही कर्कटक त्याच्या मनास येत नव्हते. त्याने दोन कानशी भट्टीत लाल केल्या, ठोकून निमुळत्या केल्या आणि पाण्यात बुडवल्या. त्या वेळी मी असा काही चीत्कार केला, की शेजारच्या न्हाव्याचा हात हलला आणि एका गिऱ्हाइकाची अर्धी मिशी गेली, असे मिस्त्री सांगत असे. न्हावी म्हणे, मिशी आधीच वाकडी होती. माझ्या मांडीवर कानशीचे दाते अजून पुसट दिसतात. दोन पायांच्या मध्ये एक कमानदार पट्टी आहे आणि तिला आवळणारा एक स्क्रू आहे. स्क्रू सैल केला की मी हवे तेवढे पाय फाकते आणि आवळला की तेवढेच अंतर धरून ठेवते.

पण एका जागी राहणे मला कधी जमले नाही. पायाला भिंगरी लावूनच मी जन्मले. खिळ्याला टांगले तर वाऱ्याने हलते, डबीत घातले तर खुळखुळते. मिस्त्री जेवायला बसला, की मी टेबलावर पडल्या पडल्या त्याच्या हात धुण्याच्या आवाजाकडे कान लावून बसे. कधी एकदा उचलतो, असे होऊन जाई.

माझे काम काय, ते सांगते. पत्र्याचे नळकांडे, नरसाळे, धुराड्याचा वाकडा कोपरा, हे सगळे आधी सपाट पत्राच असते. कोणत्या आकाराचा तुकडा कापला म्हणजे तो वळवल्यावर नेमके हवे तसे नरसाळे होईल, हे आधी शोधावे लागते. मिस्त्री त्याला 'उलगडा' म्हणे. वस्तू मनात उभी करायची, मनातच ती उसवायची आणि मग पत्र्यावर पसरायची. त्यासाठी तो वर्तुळ काढी, त्याचे बारा भाग करी आणि मला एका भागाचे अंतर देऊन पत्र्यावर सोडी. मी टक टक करत चालू लागे. वर्तुळाची कड वळसा घालून जाते आणि मी मात्र एका खुणेतून दुसऱ्या खुणेत सरळ टांग टाकते. त्यामुळे पावलागणिक थोडी वाट वाचते आणि शेवटी पत्रा तोकडा पडतो. मिस्त्रीला हे पाठ होते. तो शेवटी बोटभर पत्रा जास्त धरी आणि मला म्हणे, "आळशी कुठलं! वाट चुकवतंस होय?" मला राग येई, पण तो खरेच बोलत असे.

दुकान म्हणजे एक लांबट खोली होती. खिडकीखाली आखणीचे टेबल, मधोमध पत्रा वळवायचा जाडजूड पाइप, भिंतीला कातरी आणि लाकडी हातोडे. दाराशी उजेडात एक शिवणयंत्र होते. तिथे मिस्त्रीची थोरली सून बसे आणि गल्लीतल्या लोकांचे कपडे शिवी. तिचा नवरा ट्रकवर असे, महिन्यातून चार दिवस घरी. धाकटा दीर पत्रा वळवी, ठोकी, जोडायला रिवेटचे खिळे मारी. त्याचा हात भलता चांगला होता, पण आखणी त्याला कधी आली नाही. "त्या रेघा बघितल्या की मला झोप येते," असे तो सरळ सांगे. म्हणजे दुकानात मला चालवणारा माणूस एकच होता, मिस्त्री.

आणि त्या वर्षी मिस्त्रीचे डोळे गेले.

एकदम नव्हे. आधी माझा पाय खुणेत न पडता खुणेच्या शेजारी पडू लागला. मग तो टेबलावर इतका वाकू लागला, की त्याच्या श्वासाने पत्रा धूसर होई. तो कुणाला सांगेना. "आज ऊनच नाही," म्हणे. बाहेर टळटळीत ऊन असे. मी किती अस्वस्थ झाले होते! मित्रांनो, चालणाऱ्याला वाट चुकते आहे हे कळावे आणि थांबता येऊ नये, याहून मोठी शिक्षा नाही.

एका सकाळी माझे टोक तिसऱ्यांदा घसरले, तेव्हा शिवणयंत्र थांबले. सून उठली, टेबलाशी आली आणि तिने मिस्त्रीचे मनगट धरून मला अलगद खुणेत टेकवले.

"हात सोड," मिस्त्री म्हणाला. "अजून मेलो नाही मी."

"मेला नाहीत म्हणूनच धरलाय, मामंजी. खूण इकडे आहे."

मिस्त्रीने विचारले, "बाहीची गोलाई कशी काढतेस तू?"

"खांद्याचं माप घेते, दंडाचं घेते. वर फुगीर, खाली खोलगट अशी रेघ काढते. सपाट असताना वेडीवाकडी दिसते, पण शिवली की खांद्यावर बसते."

"धुराड्याचा कोपरा तेच असतो," मिस्त्री म्हणाला. "बस इथे."

तशी सून माझ्या आयुष्यात आली. तिचा हात मिस्त्रीपेक्षा हलका होता. पहिले काही दिवस ती मला इतके नाजूक धरी, की माझी खूणच उमटेना. "सुई नाहीये ती, दाब!" मिस्त्री ओरडे. तिने दाबले आणि टेबलालाच भोक पाडले. पण महिन्याभरात ती मला अशी चालवू लागली, की मला पंख फुटले. एकदा दिराने तिला विचारले, "वहिनी, यात काय एवढं गोड लागतं तुम्हाला? शिवणात काय वाईट आहे?" ती म्हणाली, "भाऊजी, कापड अंगावर चढलं की ढळतं, चार धुण्यांत विरतं. हे उभं राहतं." तिला ते काम हवे होते. मनापासून हवे होते. तिने मागितले मात्र नाही. तेव्हा बायका मागत नसत.

दिराला ते पटत नव्हते. वहिनी वाईट म्हणून नव्हे. "लोक काय म्हणतील, हे मी सोडून दिलं," तो बापाला म्हणाला. "पण उद्या काम फसलं तर नाव तुमचं जाईल. मला कारखान्यात घेतायत. कोपऱ्यावरचा पत्र्याच्या पेट्या करणारा दुकान घ्यायला तयार आहे. कशाला ओढाताण?"

तेवढ्यात बेकरीवाल्याचे काम आले. त्याने नव्या दोन भट्ट्या बांधल्या होत्या, शेजारी शेजारी, आणि दोघींच्या मध्ये, मागच्या भिंतीला लागून, एकच धुराडे होते. प्रत्येक भट्टीवर धूर ओढणारा चोंगा हवा होता. खाली लांबट चौकोन, वर गोल तोंड. डावीकडच्या भट्टीचा चोंगा मागे आणि उजवीकडे झुकलेला, उजवीकडच्या भट्टीचा मागे आणि डावीकडे झुकलेला. शर्टाच्या दोन बाह्या असतात ना, तशी जोडी.

"ठरलं तर," दीर म्हणाला. "भट्ट्या पेटायच्या आत दोन्ही चोंगे बसले, तर दुकान राहील आणि आखणी वहिनीची. नाही बसले, तर मी चाललो कारखान्यात आणि वहिनी आपल्या यंत्रावर. मग तोंड वाकडं करायचं नाही कुणी."

"कबूल," मिस्त्री म्हणाला. सुनेने माझा स्क्रू इतका आवळला, की मला कळ लागली.

चौकोनाचा गोल करणे हे सगळ्यांत किचकट काम. त्याची आखणी त्रिकोणांनी करतात. चोंग्याच्या अंगाचे लहान लहान त्रिकोण पाडायचे, प्रत्येक बाजूची खरी लांबी शोधायची आणि एका त्रिकोणाला टेकवून दुसरा, दुसऱ्याला टेकवून तिसरा असे पत्र्यावर मांडत जायचे. एक चुकला की पुढचे सगळे घसरतात. मिस्त्री बाजूला बसून तोंडाने सांगे आणि सून मला चालवी. मी त्या दिवशी जेवढे चालले, तेवढे पूर्वी कधी चालले नव्हते. संध्याकाळी एक पत्रा पुरा आखून झाला. मधमाशांचे पोळे उघडून ठेवावे तसा तो दिसत होता.

दुसऱ्या दिवशी न्हावी मिस्त्रीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. सून आणि दीर दोघेच दुकानात होते. पत्रा तेव्हा सहजी मिळत नसे. दोनच चांगले पत्रे हाती होते. सुनेने विचार केला, पुन्हा सगळे आखत कशाला बसायचे? तिने दुसरा पत्रा पहिल्याखाली ठेवला, दोन्ही एकत्र आवळले आणि पंच, म्हणजे टोकदार खिळा, ठोकून वरच्या खुणा खालच्यावर उतरवल्या. मग दिराने दोन्ही कातरले. दोन बाह्या ती नेहमी अशाच कापत असे. कापडाची दुहेरी घडी घालायची आणि एकदाच कातर चालवायची. एक डावी, एक उजवी, जोडी आपोआप मिळते.

मी टेबलावर पडून बघत होते. माझ्या पायांना मुंग्या येत होत्या. काहीतरी राहिले आहे असे सारखे वाटत होते, पण काय ते मला तरी कुठे कळले?

दिराने दोन्ही तुकडे वळवले, दुकानाच्या रिवाजाप्रमाणे, खुणा आतल्या बाजूला ठेवून. बाहेरून चोंगा स्वच्छ दिसला पाहिजे, ही मिस्त्रीची शिस्त होती. रिवेट ठोकले. दोन्ही चोंगे असे देखणे झाले, की दीर स्वतःच म्हणाला, "वहिनी, मानलं बुवा!" सून हसली. तिच्या कपाळावर पत्र्याची काळी बोटे उमटली होती.

तिसऱ्या दिवशी बेकरीवाला स्वतः हातगाडी घेऊन दारात उभा राहिला. माणूस बोलका. "लवकर करा हो! भट्टी उद्या पेटवायचीय. पिठाला कुणी सांगायचं, थांब बाबा, चोंगा यायचाय?" दिराने चोंगे गाडीत चढवले. मिस्त्री डोळ्यांवर हिरवी पट्टी बांधून उंबऱ्याशी बसला होता.

"गाडीत कसे ठेवलेस?" त्याने विचारले.

"एकात एक. टोपल्या ठेवतो तसे. छान बसले."

"सहज बसले?"

"अगदी सहज. हातसुद्धा लावावा लागला नाही."

मिस्त्रीचा चेहरा उतरला. "उतरव," तो म्हणाला.

"काय?"

"खाली उतरव दोन्ही. उजव्या पायाचा जोडा डाव्यात बसतो का रे? हे एकाच बाजूचे आहेत."

चोंगे अंगणात शेजारी शेजारी ठेवले, तेव्हा शेंबड्या पोरालाही दिसले असते. दोन्ही उजवीकडेच झुकलेले, मान वळवून कुणाची तरी वाट बघावी तसे. दोन्ही डाव्याच भट्टीचे.

"फिरवून बघा की!" बेकरीवाला म्हणाला. दिराने एक चोंगा फिरवला. तो डावीकडे झुकला खरा, पण त्याचे तोंड मागच्याऐवजी पुढे आले.

"म्हणजे धूर माझ्या तोंडावर," बेकरीवाला म्हणाला. "वा! विचारपूस करायला येईल सकाळ संध्याकाळ."

सुनेला आता सगळे लक्षात आले होते. कापडाची घडी घातली की खालचा पदर उलटा असतो. तिने पत्रे एकावर एक ठेवले होते ते एकाच तोंडाने, आणि खुणा दोन्हींच्या वरच्याच अंगावर उमटल्या होत्या. दिराने रिवाजाप्रमाणे दोन्हींच्या खुणा आत घेतल्या. दोघांनीही आपापल्या कामाचे शहाणपण पाळले होते आणि त्यातूनच हा घोटाळा झाला होता.

"झालं," दीर म्हणाला. "तिसरा पत्रा नाही. ठरलं होतं ते ठरलं."

मी सुनेच्या कमरेला खोचलेले होते. तिचा हात कमरेशी आला आणि माझ्यावर घट्ट मिटला. माझे टोक तिच्या तळहातात रुतले, तरी तिने सोडले नाही. मला वाटले, संपले. आता मी खिळ्याला, ही यंत्राला.

मग तिने मला बाहेर काढून उंबऱ्यावर ठेवले. "भाऊजी, छिन्नी द्या."

"कशाला?"

"उसवते. बाही उलटी लागली म्हणून गिऱ्हाईक काही हात कापून घेत नाही."

बेकरीवाला ठसका लागेपर्यंत हसला. "घ्या, कापा, उसवा! मी इथंच बसतो. घरी गेलो तर बायको पीठ मळायला लावेल."

सुनेने एकेक रिवेट उडवला. चोंगा उघडला, पत्रा पुन्हा जमिनीवर पसरला. त्याच्या घड्या सौम्य होत्या, पण होत्याच. दिराने त्या लाकडी हातोड्याने हळूहळू बसवल्या. जोरात मारले तर पत्रा चिरतो, म्हणून मिस्त्री शेजारी बसून नुसत्या आवाजावरून सांगत होता, "हळू. आणखी हळू. आता फिरव." मग तोच तुकडा त्यांनी उलट्या अंगाने वळवायला घेतला. पत्रा अडून बसला. एकदा वळलेल्याला पुन्हा उलटे वळणे आवडत नाही. सून एका कडेला, दीर दुसऱ्या कडेला. दोघांची बोटे कापली. मी उंबऱ्यावर तळमळत पडले होते. आखून झाले होते, माझे काहीच काम नव्हते, आणि सगळे माझ्याच खुणांवर चालले होते! ऊन अंगणातून भिंतीवर चढले, तेव्हा कुठे शेवटचा रिवेट बसला.

आता जोडी जमली. पण उलट वळवल्यामुळे या चोंग्याच्या सगळ्या खुणा बाहेर आल्या होत्या. ओळीने ठिपके, रेघा, त्रिकोण, सगळे जगाला उघडे.

"हा गोंदवून घेतलेला दिसतोय," बेकरीवाला म्हणाला.

"शोभत नाही," दीर पुटपुटला. "बाबांच्या दुकानातून असं काम कधी गेलं नाही."

मिस्त्री उठला. चाचपडत चोंग्यापाशी आला आणि त्याने त्यावर बोटे ठेवली. एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर. खालच्या चौकोनापासून वरच्या गोलापर्यंत त्याची बोटे अशी चालली, जशी मी चालते. आजवर तयार वस्तूवर कुणाची आखणी दिसत नसे. ती आत दडलेली असे. आज ती बाहेर होती आणि त्याला डोळ्यांची गरज नव्हती. त्याने पूर्ण फेरा घातला, मग पुन्हा एकदा घातला.

"एकही खूण सरकलेली नाही," तो म्हणाला. "पन्नाशी उलटल्यावर माझीसुद्धा अशी पडली नाही." मग लेकाकडे तोंड करून म्हणाला, "बसव जा. आणि उद्यापासून सकाळी टेबल पुसून ठेवत जा. वहिनीचं आहे ते."

"भट्टीवर बसल्याशिवाय नाही," सूनच म्हणाली. "ठरलं होतं ते ठरलं."

चोंगे बसले, ते मी मागाहून ऐकले. बेकरीवाल्याने भट्टीत कागद पेटवला. धूर क्षणभर घुटमळला, मग मान वळवून सरळ धुराड्यात गेला. दिराने वहिनीकडे पाहिले आणि तिच्या हातातली हातोड्यांची पिशवी स्वतः घेतली. सगळे परतल्यावर मिस्त्रीने मला उंबऱ्यावर चाचपून शोधले, माझी टोके आपल्या बाहीला पुसली आणि मला तिच्या हातात दिले.

त्यानंतर मी तीस वर्षे चालले. डब्यांवर, नळ्यांवर, दवाखान्यांत हवा खेळवणाऱ्या पत्र्याच्या बोगद्यांवर. ती वर्षे कशी गेली मला कळलेही नाही. धावणाऱ्याला कुठे कळते?

त्या माणसांचे पुढे काय झाले, ते सांगते. मिस्त्रीच्या डोळ्यांचे दुसऱ्या वर्षी ऑपरेशन झाले. एक डोळा परत आला. जाड भिंगाचा चष्मा लावून त्याने सुनेची आखणी पहिल्यांदा पाहिली आणि म्हणाला, "रेघ जाड काढतेस." नऊ वर्षांनी तो गेला, दुपारी, खुर्चीत बसल्या बसल्या. दीर पुढे कारखान्यात गेलाच, पण दोनदा परत आला आणि दुसऱ्यांदा कायमचा. ठोकून ठोकून त्याला ऐकू येईनासे झाले. वहिनीचे बोलणे मात्र तो ओठांवरून ओळखी. बेकरीवाल्याच्या मुलांनी विजेच्या भट्ट्या आणल्या, दोन्ही चोंगे भंगारात गेले. तो स्वतः ऐंशी वर्षे जगला, आणि सुनेला कुठेही भेटला तरी "हात कापून घेत नाही!" म्हणून ओरडे. ट्रकवाला नवरा घरी परतला आणि दुकानाचा टेंपो चालवू लागला. पत्रा कुठून वळवायचा हे त्याला शेवटपर्यंत कळले नाही, पण माल वेळेवर पोचला.

सून आता खूप म्हातारी झाली आहे. तिचे हात थरथरतात. तिच्या मुलीने दुकान मोठे केले. तिथे पडद्यावर चोंगा दिसतो, आपोआप उलगडतो आणि यंत्र तो कापून देते. छान कापते, मी खोटे कशाला बोलू? मुलीने मोठ्या प्रेमाने मला मखमलीवर बसवले, वर काच लावली आणि कचेरीच्या भिंतीवर टांगले. येणारे जाणारे बघतात आणि "काय सुंदर जुनी वस्तू!" म्हणतात. रोज काच पुसतात. माझा स्क्रू मात्र गंजून बसला आहे. दोन्ही पाय मखमलीत रुतले आहेत. तसूभर हलता येत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरीही असे कुणीतरी असेल. आजीची कातर, आजोबांचा रंधा. त्यांची काळजी घ्या, पण अशी घेऊ नका. थेंबभर तेल द्या. कागद पसरा. धार आहे का बघा आणि चुकले तर उसवा. माझी काच कुणी फोडली तर मी रागावणार नाही. मला जपून ठेवू नका, कुणाच्या तरी हातात द्या.